मनिलाचा खलाशी

आपल्या गाडींतील इंधन, शेतांत पडणारें खत, फोडणीचें तेल, मुलांच्या हातांतील यंत्रें, यांपैकीं कितीतरी माल समुद्रमार्गें आलेला असतो, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. ज्या जहाजानें तो आणला त्याचें नांव आपणांस ठाऊक नसतें. मग त्या जहाजावर घाम गाळणारा मनुष्य कोण, कोठला, हा विचार दूरच राहिला. २०२१ सालीं जहाजमालकांच्या जागतिक संघटनांनीं जी गणती प्रसिद्ध केली, तिच्याप्रमाणें जगाच्या व्यापारी जहाजांवर सुमारें १८ लाख ९० हजार खलाशी व अधिकारी काम करीत होते. हीं माणसें पुरविणाऱ्या देशांत पहिला क्रमांक फिलिपाइन्सचा होता. पहिल्या पांचांत भारताचेंही नांव होतें. सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशानें जगाच्या मालवाहतुकीचा एवढा भार आपल्या खांद्यावर कसा घेतला, आणि त्याचें मोल कोणी दिलें, हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाहीं. तो आज थोडक्यांत आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

बेटांवर राहणारा मनुष्य होडी चालविणारच, त्यांत नवल नाहीं. परंतु स्वतःच्या होडींत बसून शेजारच्या बेटावर जाणें निराळें आणि परक्याच्या जहाजावर, परक्याच्या मालासाठीं, महिनेच्या महिने महासागरांत राहणें निराळें. हा दुसरा अध्याय १५६५ सालीं सुरू झाला. त्या वर्षीं आंद्रेस दे उर्दानेता या स्पॅनिश धर्मगुरूनें फिलिपाइन्सहून मेक्सिकोकडे परतण्याचा मार्ग शोधून काढला. प्रथम उत्तरेकडे चढावयाचें, जपानच्या बाजूनें वाहणारा प्रवाह व पश्चिमेचे वारे गांठावयाचे, आणि मग पॅसिफिक ओलांडून आकापुल्को बंदर गांठावयाचें, असा तो मार्ग होता. त्यानंतर १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशें वर्षें, मनिला ते आकापुल्को अशी गॅलिअन जहाजांची ये-जा चालू राहिली. जातांना चिनी रेशीम, चिनी मातीचीं भांडीं, मसाले आणि हिंदुस्थानचें सुती कापड जाई. येतांना मेक्सिकोची चांदी येई. मनिलांतील स्पॅनिश लोकांचें वैभव या एका जहाजफेरीवर उभें होतें.

हीं जहाजें बांधलीं कोणीं? मनिलाच्या उपसागरावर काव्हिते नांवाचें बंदर आहे, तेथें मोठी गोदी होती. स्पॅनिश अंमलांत सोळा ते साठ वर्षें वयाच्या स्थानिक पुरुषांवर वर्षाकांठीं चाळीस दिवसांची वेठ बसविलेली असे. या वेठीचा अतिशय जड भाग म्हणजे जहाजांसाठीं लांकूड तोडणें. सतराव्या शतकाच्या आरंभीं स्पेनच्या राजाकडे गेलेल्या एका निवेदनांत असें नमूद आहे कीं, एका गॅलिअनच्या डोलकाठ्या डोंगरांतून ओढून आणण्यासाठीं सहा हजार माणसें तीन महिने राबलीं. १६४९ सालीं गव्हर्नर डिएगो फाहार्दो यानें विसाया बेटांतील माणसांनाही काव्हितेच्या गोदींत धाडण्याचा हुकूम सोडला, तेव्हां समार बेटावरील पालापाग गांवीं सुमुरॉय नांवाच्या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखालीं उठाव झाला आणि तो भोंवतालच्या बेटांत पसरला. पुढें तो मोडण्यांत आला. तरी एवढें खरें कीं, मनिलाच्या खलाशाच्या इतिहासांतील पहिली मोठी तक्रार समुद्राविरुद्ध नव्हती. घरापासून सक्तीनें नेले जाण्याविरुद्ध होती.

जहाजावर चढल्यानंतरचे हाल वेगळेच होते. खलाशांत मोठा भरणा फिलिपिनो लोकांचा असे. परंतु त्यांना वेतन स्पॅनिश खलाशापेक्षां कमी आणि शिधाही कमी. हेर्नान्दो दे लोस रिओस कोरोनेल यानें १६२० च्या सुमारास राजाला लिहिलें कीं, हे लोक उष्ण प्रदेशांतील. त्यांना पुरेसे कपडे न देतां जहाजावर घेतात, आणि जहाज उत्तरेच्या थंडींत शिरलें कीं रोज पहांटे तीनचार प्रेतें दिसतात. त्यांना तहानभुकेनें मारतात, असेंही त्यानें स्पष्ट म्हटलें. हें लिहिणारा स्पॅनिश सत्तेचाच प्रतिनिधि होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याच्या साक्षीचें वजन कळतें.

याच मार्गावरील आणखी एक साक्ष आपल्या भागाशीं संबंध असलेल्या प्रवाशाची आहे. जेमेल्ली कारेरी हा इटालियन गृहस्थ १६९५ सालीं दमण, वसई व गोवें पाहून गेला आणि गलगले येथील औरंगजेबाच्या छावणींतही त्यानें हजेरी लाविली. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांना तो या निमित्तानें परिचित आहे. तोच कारेरी पुढें चीनमार्गें मनिलास पोंचला आणि १६९६ सालीं गॅलिअनमधून आकापुल्कोस निघाला. प्रवासाला दोनशेंहून अधिक दिवस लागले. किड्यांनीं भरलेलीं बिस्किटें, पाण्याची टंचाई, सततचीं वादळें, बेरीबेरी आणि स्कर्व्ही, यांचें वर्णन त्यानें करून ठेविलें आहे. कारेरी हा पैसे मोजून बसलेला प्रवासी होता. त्याचे हे हाल, तर डोलकाठीवर चढणाऱ्या खलाशाचे काय असतील, याची कल्पना करावी.

मग या खलाशानें प्रतिकार केला तो कसा? याचें उत्तर १६१८ सालच्या 'एस्पिरितु सान्तो' जहाजाच्या वृत्तांतांत मिळतें. सेबास्तियान दे पिनेदा या दर्यावर्द्यानें नोंदविलें आहे कीं, त्या जहाजावर ७५ फिलिपिनो खलाशी मेक्सिकोस गेले आणि त्यांपैकीं पांचांहून अधिक परत आले नाहींत. ते मेले नव्हते. ते आकापुल्कोस जमिनीवर उतरले आणि किनाऱ्यानें कोलिमा प्रांताकडे निघून गेले. तेथें माडाचीं झाडें होतीं, आणि माडाची माडी काढून तिचें मद्य करण्याची विद्या या लोकांना घरचीच होती. तें मद्य मेक्सिकोंत इतकें खपूं लागलें कीं, स्पेनहून येणाऱ्या दारूचा व्यापार बसेल, म्हणून या सर्वांना फिलिपाइन्सला परत धाडावें, अशी पिनेदाची सूचना होती. कोंकणांतील आणि गोव्यांतील वाचकाला माडीची ही हकीकत परकी वाटणार नाहीं. मला मात्र तिच्यांत एक कसोटी दिसते. खलाशी किती स्वतंत्र आहे हें त्याच्या पगारावरून पुरतें कळत नाहीं. त्याला जहाजावरून खालीं उतरतां येतें कीं नाहीं, यावरून तें कळतें. या कसोटीवर पुढचीं दोनशें वर्षें पाहूं.

१८३४ सालीं मनिला बंदर सर्व राष्ट्रांच्या व्यापाराला खुलें झालें. गॅलिअन बंद पडलीं होतीं. पण इंग्रज, अमेरिकन व इतर जहाजांवर मनिलाच्या माणसांना मागणी वाढली. त्यांना सगळीकडे 'मनिलामेन' म्हणत. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर ते होते, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मोत्यांसाठीं बुड्या मारणाऱ्यांत ते होते. हिंदी महासागरांतील इंग्रजी जहाजांवर लश्करी म्हटले जाणारे खलाशी आपल्या किनाऱ्यावरील असत, आणि सुकाणूं धरण्यास पुष्कळदां मनिलाचे लोक ठेवीत. त्यांना इंग्रज 'सीकनी' म्हणत. हा शब्द मूळ अरबी-फारसी 'सुक्कानी' वरून आला, आणि आपला 'सुकाणूं' त्याच घराण्यांतला.

यांतले कांहीं दूरदेशीं उतरून तेथेंच स्थायिक झाले. अमेरिकेंत लुइझियाना प्रांताच्या दलदलींत सेंट मालो नांवाची फिलिपिनो मच्छीमारांची वस्ती होती. लाफकाडिओ हर्न या लेखकानें १८८३ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें तेव्हां कोठें बाहेरच्या जगाला तिचा पत्ता लागला. पाण्यांत खांब रोवून त्यांवर उभारलेलीं तीं घरें १९१५ च्या वादळांत नष्ट झालीं. त्याच शतकांत दुसरीही वाट उघडत होती. मनिलांत १८२० सालीं नौकानयनाची शाळा निघाली. स्पोलियारियम या चित्रासाठीं १८८४ सालीं माद्रिदला सुवर्णपदक मिळविणारा चित्रकार हुआन लूना हा तिचाच विद्यार्थी. कुंचल्यापूर्वीं त्यानें समुद्रावरच नोकरी केली होती.

१८९८ सालीं स्पेन जाऊन अमेरिका आली. सत्ता बदलली, परंतु जहाजावरील पायरी बदलली नाहीं. अमेरिकन आरमारानें १९०१ पासून फिलिपिनो तरुणांची भरती केली; पण पहिल्या महायुद्धानंतर त्यांना बहुतेक अधिकाऱ्यांच्या जेवणघरांतील वाढप्याचें व खानसाम्याचें कामच देत, आणि हें बंधन सुटावयास १९७० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. व्यापारी जहाजांवर १९३६ च्या अमेरिकन कायद्यानें, सरकारी मदत घेणाऱ्या बोटींवर प्रामुख्यानें अमेरिकन नागरिकच ठेवावेत, असें ठरलें. फिलिपिनो मनुष्य अमेरिकेचा अंकित होता, पण नागरिक नव्हता. त्यामुळें निशाण त्याच्या डोक्यावर राहिलें आणि नोकरी गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांचा धंदाच पालटला. युरोप-अमेरिकेंतील मालक आपलीं जहाजें पनामा, लायबेरिया अशा देशांत नोंदवूं लागले. तेथें कर हलका, आणि खलाशी कोणत्याही देशाचा स्वस्तांत ठेवण्यास मोकळीक. लायबेरियाची नोंदवही १९४८ सालीं उघडली. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, मालक खर्च कमी करण्याच्या मागें लागले, आणि त्याच वेळीं मनिलांतील मार्कोस सरकारला परकीय चलनाची निकड होती. १९७४ च्या कामगार कायद्यानें परदेशीं माणसें पाठविणें हें सरकारी धोरण झालें आणि खलाशांसाठीं स्वतंत्र मंडळ स्थापन झालें. १९८२ सालीं हुकूम निघाला कीं, खलाशानें मूळ पगाराचा ८० टक्के भाग मायदेशीं पाठविलाच पाहिजे. हा ८० टक्क्यांचा दंडक खलाशांच्या ठराविक करारांत आजही आहे. काव्हितेच्या वेठींत राजाला माणसाचे हात हवे होते. आतां राज्याला त्याच्या हातांतला डॉलर हवा झाला. घराला पैसा मिळतो हें खरें, आणि त्या पैशावर इलोइलो, सेबू, बोहोल येथील कित्येक मुलें शिकलीं हेंही खरें. १९८८ सालीं राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांनीं परदेशीं राबणाऱ्या देशबांधवांना 'नवे वीर' म्हटलें. वीर म्हणणें सोपें असतें. वीराला नोकरी टिकेल कीं नाहीं याची चिंता मात्र सुटत नाहीं.

ती चिंता पाहावयाची असेल तर मनिलांत कालाव अव्हेन्यू नांवाचा रस्ता आहे तेथें जावें. तेथें रोज सकाळीं शेंकडों खलाशी कागदपत्रांची पिशवी घेऊन उभे असतात; एजन्सींचे लोक फलक धरून जागा पुकारतात. मुंबईंत धोबीतलावच्या आसपास गोमंतकीय खलाशांचे गांवोगांवचे 'कूड' होते. बोट मिळेपर्यंत पथारी पसरावयाची, ट्रंक ठेवावयाची आणि प्रार्थना करावयाची ती जागा. ज्यांनीं ते कूड पाहिले त्यांना मनिलांतील खलाशांच्या खोल्यांची कल्पना सहज येईल. कित्येक तरुण एजन्सीच्या कचेरींत महिनोन्‌महिने फुकट निरोप्याचें, झाडलोटीचें काम करतात, कीं पुढें बोटीवर नांव लागेल. नांव लागलें तर करार बहुधा नऊ महिन्यांचा. करार संपला कीं नोकरी संपली. पुढचा करार मिळेपर्यंत वेतन नाहीं. २००२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, खलाशी हा कायम नोकर नव्हे, मुदतीच्या करारावरील नोकर होय. त्यामुळें बोटीवर अन्याय झाला तरी पुष्कळजण तोंड उघडत नाहींत. तक्रारखोर म्हणून नांव झालें तर पुढची बोट मिळणार नाहीं, ही भीति.

आतां बोटीवरील दिवस पाहूं. दोनतीनशें मीटर लांबीच्या मालवाहू जहाजावर सारीं माणसें वीस ते पंचवीस. पहाऱ्याच्या पाळ्या चार तासांच्या: चार तास काम, आठ तास सुटी, पुन्हां चार तास. पण सुटी कागदावरची. बंदर जवळ आलें, वादळ आलें किंवा यंत्र बिघडलें कीं सगळेच उठतात. बोसन, म्हणजे आपल्याकडील सारंग, सकाळीं कामें वाटून देतो. खाऱ्या वाऱ्यानें पोलाद सतत गंजतें. म्हणून हातोडीनें गंज ठोकून काढावयाचा आणि रंग लावावयाचा. एक टोक संपेतों दुसरें गंजलेलें असतें. कोळसा किंवा धान्य उतरलें कीं दहाबारा पुरुष खोल रिकाम्या कोठारांत उतरून झाडणें-धुणें. खालीं यंत्रघरांत चाळीस अंशांवर उष्णता आणि आवाज इतका कीं खुणांनीं बोलावें लागतें. जहाज धक्क्याला बांधतांना दोराला ताण बसून तो तुटला, तर त्याच्या फटक्यानें मनुष्य जागच्या जागीं मरतो. जगभर 'मनिला' या नांवानें प्रसिद्ध झालेला दोर फिलिपाइन्सच्या अबाका झाडाच्या धाग्याचा होता. आतां दोर कृत्रिम धाग्यांचे असतात, परंतु ते ओढणारे हात पुष्कळदां मनिलाचेच.

संध्याकाळीं भात, सुकी मासळी किंवा व्हिनेगरमध्यें शिजविलेलें मांस, आणि मग गाण्याचें यंत्र लावून सामुदायिक गायन. फिलिपिनो खलाशी असलेल्या बोटीवर हें यंत्र बहुधा असतेंच. परंतु गाणें संपल्यावर जो तो आपल्या खोलींत जातो आणि भिंतीवरील मुलांचे फोटो पाहतो. मूल जन्मल्याची, बाप वारल्याची बातमी समुद्रांत येते आणि तिच्यावर कांहींही करतां येत नाहीं.

पूर्वीं निदान बंदर लागलें म्हणजे जमीन मिळे. माल पोत्यांनीं चढत-उतरत असे तेव्हां बोट एकेका बंदरांत आठवडा आठवडा उभी राही. १९५६ सालीं 'आयडियल एक्स' ही बोट ५८ लोखंडी पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेली आणि कंटेनरचें युग सुरू झालें. आतां हजारों पेट्यांची बोट कांहीं तासांत मोकळी होऊन निघते. बंदर शहरापासून दूर, तारांच्या कुंपणांत. कोठें परवान्यावांचून उतरूं देत नाहींत, कोठें उतरावयास वेळच नसतो. सबंध पृथ्वी फिरून आलेल्या खलाशानें पृथ्वीवर पाय ठेवलेला नसतो, अशी अवस्था झाली.

जिवाचा धोका आहे तो वेगळाच. २ जानेवारी २०१५ रोजीं 'बल्क ज्युपिटर' ही बोट व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ बुडाली. तिच्यावर १९ फिलिपिनो होते. वांचला तो एकटा स्वयंपाकी. बोटींत मलेशियाहून भरलेलें बॉक्साइट होतें. अशी बारीक धातुमाती पावसानें भिजलेली असली आणि बोटीच्या हिसक्यांनीं हलूं लागली, कीं कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि कोरडी दिसणारी माती एकाएकीं चिखलासारखी वाहूं लागते. सगळा भार एका अंगाला गेला कीं बोट बघतां बघतां कलथते. गोव्याच्या मुरगांव बंदरांतून जाणारी बारीक लोहमाती याच जातीची. म्हणून पावसाळ्यांत ती भरतांना ओलावा तपासण्याला एवढें महत्त्व आहे. तो ओलावा कोणी खोटा लिहिला, तर किंमत लिहिणाऱ्याला द्यावी लागत नाहीं. सप्टेंबर २०२० मध्यें गुरें नेणारी 'गल्फ लाइव्हस्टॉक १' ही बोट जपानजवळ तुफानांत सांपडून बुडाली. तिच्यावरील ४३ माणसांपैकीं ३९ फिलिपिनो होतीं, आणि दोघेच जिवंत राहिले.

त्याच २०२० सालीं साथीमुळें देशोदेशींचीं बंदरें बंद झालीं. माल उतरूं दिला जाई, माणसें उतरूं दिलीं जात नसत. त्या वर्षाच्या अखेरीस करार संपूनही जहाजांवर अडकलेल्या खलाशांची संख्या जगभर चार लाखांपर्यंत गेली होती. मनिलाच्या उपसागरांत प्रवासी जहाजें नांगर टाकून उभीं होतीं आणि त्यांवरील हजारों फिलिपिनो समोर मायभूमीचा किनारा पाहत तपासणीची वाट पाहत होते. ज्या उपसागरांत काव्हितेचीं गॅलिअन तयार होत, तोच हा उपसागर. नंतर १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं तांबड्या समुद्रांत 'गॅलॅक्सी लीडर' ही मोटारी वाहणारी बोट येमेनच्या हूतींनीं पकडली. २५ माणसांपैकीं १७ फिलिपिनो होते. ज्या युद्धाशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता त्याचे ते ओलीस झाले, आणि २२ जानेवारी २०२५ रोजीं, चौदा महिन्यांनीं, सुटले.

कायदा अगदींच झोंपलेला आहे असें नाहीं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें २००६ सालीं खलाशांच्या हक्कांचा करारनामा केला: चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांति, वर्षाच्या आंत घरीं परत पाठविणें, मालकाचे वेतन थकल्यास दाद. तो अमलांत येण्यास तीस देशांची मान्यता हवी होती. २० ऑगस्ट २०१२ रोजीं ती तिसावी मान्यता फिलिपाइन्सनें दिली, आणि वर्षानें करारनामा लागू झाला, ही गोष्ट त्या देशाला भूषणावह आहे. पण २३ सप्टेंबर २०२४ रोजीं तेथें खलाशांच्या हक्कांचा जो नवा कायदा झाला, त्यांतच एक अट अशी आली कीं, जखमी खलाशानें दावा जिंकला आणि मालकानें अपील केलें, तर वादांतली रक्कम हातीं घेण्यासाठीं खलाशानेंच जामीन भरावा. हक्क एका हातानें देऊन दुसऱ्या हातानें आंवळण्याची ही रीत जुनीच.

'एस्पिरितु सान्तो' वरील सत्तर माणसांनीं आपला हक्क कोणाकडे मागितला नाहीं. ते सरळ चालते झाले. आजचा खलाशी तसा पळूं शकत नाहीं, कारण मागें घर आहे, कर्ज आहे, मुलांची शाळा आहे. म्हणून त्याच्या वतीनें तो हक्क कायद्यानेंच सांभाळला पाहिजे: वेळेवर उतरण्याचा, बंदरांत चार तास मातीवर चालण्याचा, आजारी पडल्यास घरीं येण्याचा, आणि तक्रार करूनही पुढची बोट मिळण्याचा. हा प्रश्न मनिलाचा आहे तसाच रत्नागिरीचा आणि सालसेतचाही आहे. कारण त्याच जहाजांवर, त्याच पाळ्यांत, आपलींही माणसें उभीं असतात. जहाज बंदराला लागलें कीं किती टन माल उतरला याची नोंद तत्काळ होते. माणसें किती उतरलीं, हेंही त्याच वहींत लिहिलें जावें, एवढेंच मागणें आहे.